जुन्या डेस्कटॉपचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलायचाय: किती वॅटचा आणि कुठला? (कोल्हापूर)

लक्ष्मीपुरी_बिलिंग

नमस्कार मंडळी. दुकानातला बिलिंगचा पीसी सकाळी लवकर धरत नाही. बटण दाबलं की सीपीयूचा फॅन अर्धा वेढा घेतो आणि थांबतो. चार-पाच वेळा दाबल्यावर कधीतरी चालू होतो, मग रात्री शटर ओढेपर्यंत काही तक्रार नाही. दुसरी गोष्ट, लाईट गेली की यूपीएस असूनही रिस्टार्ट होतो आणि अर्धवट बिल जातं.

मशीन असं: एच६१ बोर्ड, आय३-३२२०, ४ जीबीच्या दोन रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, २४० जीबी एसएसडी, डीव्हीडी रायटर. ग्राफिक्स कार्ड नाही, पण मुलगा कॅड शिकतोय, पुढंमागं जीटीएक्स १६५० टाकायचा विचार आहे. यूपीएस ६०० व्हीएचा. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला लोकल, वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. एक दुकानदार म्हणतो तसाच दुसरा टाका, दुसरा म्हणतो ६५० च्या खाली घेऊच नका. काय करू?

अर्चना_हार्डवेअर

घ्यायचं नंतर बघू, आधी दुखणं एसएमपीएसचंच आहे का ते ठरवा. लक्षणं तरी तशीच वाटतात. सकाळी थंड असताना न धरणं आणि एकदा धरल्यावर दिवसभर चालणं, हे स्टँडबाय सर्किटमधले कपॅसिटर वाळल्याचं जुनं लक्षण आहे. पीसी बंद असला तरी प्लग चालू असतो तेव्हा जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट सतत असतात आणि त्यावरच बोर्ड बटणाची वाट बघत जागा असतो. तो ५ व्होल्ट खाली आला की बोर्ड चालू व्हायचा प्रयत्न करतो आणि पुन्हा झोपतो.

डिजिटल मीटर असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला किंवा मोलेक्स (४ पिनच्या मोठ्या) प्लगच्या काळ्या वायरला लावा. २४ पिनचा कनेक्टर बोर्डातच राहू द्या, लाल प्रोब वायरींच्या बाजूने, कनेक्टरच्या पाठीतून आत सरकवा. पीसी बंद, पण प्लग चालू ठेवून जांभळी मोजा. ४.७५ ते ५.२५ मध्ये हवं. हिरवीवर बटण दाबण्याआधी ५ च्या आसपास दिसलं पाहिजे आणि दाबल्यावर ते जवळपास शून्यावर आलं पाहिजे. हिरवी खाली येतेय पण बाकीच्या वायरींवर व्होल्टेज उभं राहत नसेल, तर बोर्डानं आपलं काम केलंय, एसएमपीएस साथ देत नाहीये. हिरवी खालीच येत नसेल तर आधी कॅबिनेटचं बटण आणि बोर्ड बघा.

चालू झाल्यावर पिवळी (१२), लाल (५) आणि नारिंगी (३.३) मोजा. मर्यादा ५ टक्के वर-खाली: पिवळीला ११.४० ते १२.६०, लालला ४.७५ ते ५.२५, नारिंगीला ३.१४ ते ३.४७. मोजताना एखादी मोठी फाईल कॉपी करत ठेवा, रिकाम्या मशीनवरचे आकडे फसवे असतात.

हिरवी-काळीला पेपरक्लिप लावून "फॅन फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला" ही दुकानातली टेस्ट धरू नका. त्यानं फक्त एसएमपीएस पूर्ण मेलेला नाही एवढंच कळतं.

रंकाळा_टॉवर

ताईंनी सांगितलंय ते मोजाच. आणि जुन्या एसएमपीएसवरचं लेबल इथं टाका, सगळे अँपिअर. वॅटचा आकडा नको, तो बहुतेक वेळा सजावट असतो.

लक्ष्मीपुरी_बिलिंग

मोजलं. बंद असताना जांभळी ४.४१. हिरवी ४.३ दिसते, बटण दाबलं की ०.१ वर जाते, पण फॅन अर्धा वेढा घेऊन थांबतो. चालू झाल्यावर पिवळी ११.२८, लाल ५.१९, नारिंगी ३.३५.

लेबल: +३.३ व्होल्ट १४ अँपिअर, +५ व्होल्ट १६ अँपिअर, +१२ व्होल्ट १४ अँपिअर, -१२ व्होल्ट ०.५ अँपिअर, +५ स्टँडबाय २ अँपिअर.

रंकाळा_टॉवर

निकाल लागला. जांभळी मर्यादेच्या खाली आहे, पिवळीही खाली आहे, हिरवी व्यवस्थित खाली येतेय. एसएमपीएस बदला.

आता लेबल वाचू. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. आजच्या मशीनला जे लागतं ते जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरून: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्कची मोटर, फॅन. म्हणजे तुमच्या कामाच्या दृष्टीनं हा ४५० चा नाही, १६८ वॅटचा एसएमपीएस आहे, तोही नवा असताना. चांगल्या ४५० मध्ये जवळपास सगळे वॅट १२ व्होल्टवर मिळतात. उदाहरणार्थ कॉर्सेअर सीएक्स४५० वर १२ व्होल्टला ३७.४ अँपिअर छापलंय, म्हणजे ४४८.८ वॅट. दोन्ही डब्यांवर ४५० च लिहिलेलं.

लाल ५.१९ आणि पिवळी ११.२८, ही जोडीही बोलकी आहे. स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ एकाच ट्रान्सफॉर्मरवरून येतात आणि दोन्हींची सरासरी धरून एकच कंट्रोल चालतो. लोड १२ वर पडला की १२ खाली बसतो, कंट्रोल दोन्ही वर ढकलतो, त्यात ५ उगाच चढतो. महागड्यात आधी फक्त १२ तयार करतात आणि त्यातून वेगळ्या छोट्या बोर्डनं ५ आणि ३.३ काढतात. वेबसाईटवर "डीसी टू डीसी" लिहिलेलं असतं ते हे. परवडत असेल तर तोच घ्या.

तुमच्या मशीनचा हिशोब: आय३-३२२० चा टीडीपी (पूर्ण कामात लागणारी वीज) ५५ वॅट, बोर्ड आणि रॅमला ३० धरा, हार्ड डिस्क फिरताना ६ ते ८, एसएसडी आणि फॅनला मिळून ५-६, डीव्हीडी लिहीत असेल तर २०. सगळं एकदम चाललं तर १२० वॅट. नुसतं बिलिंग करताना याच्या निम्मंही नाही. जीटीएक्स १६५० चे ७५ मिळवा, १९५ झाले. चालू होताना हार्ड डिस्कची मोटर क्षणभर १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते, तेव्हा प्रोसेसर आणि कार्ड अजून निवांत असतात, म्हणून ती वेगळी मिळवायची गरज नाही.

म्हणजे ४००-४५० चा खरा एसएमपीएस भरपूर झाला. ६५० घेऊन बिघडत काही नाही, पण बिलिंगच्या ५० वॅटवर तो ८ टक्के लोडनंच चालेल. एटी प्लस (८० प्लस, वीज किती वाया जात नाही याचा शेरा) ब्राँझची चाचणी २० टक्के लोडपासून सुरू होते, त्याच्या खाली कार्यक्षमता घसरते. पैसे वॅटवर घालवण्यापेक्षा दर्जावर घालवा.

वायरमन_कसबाबावडा

भावा, एवढं कशाला? स्टँडबायचे दोन कंडेन्सर (कपॅसिटर) बदलले की जांभळी ५ वर येतीय. १० व्होल्ट १००० मायक्रोफॅरडचे, १०५ डिग्रीचे, लो ईएसआर. पन्नास रुपयांत काम. नवा घ्यायला सांगणं म्हणजे दुकानदाराची धन.

अर्चना_हार्डवेअर

दादा, जांभळी दुरुस्त होईल, ११.२८ चं काय? आणि १४ अँपिअरवर ग्राफिक्स कार्ड कुठून चालवणार? लेबलची मर्यादा कंडेन्सर बदलून वाढत नाही.

शिवाय जुन्या दोन-ट्रान्झिस्टरच्या स्टँडबाय सर्किटमध्ये प्रायमरी बाजूला एक छोटा कपॅसिटर असतो. तो वाळला की ५ व्होल्ट खाली यायच्या ऐवजी वर चढतो, आणि तो थेट बोर्डावर जातो. एसएमपीएस शंभर टक्के मेला तर नुकसान त्याचंच. असा अर्धवट बिघडला तर जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन जातो, आणि इथं हार्ड डिस्कवर दुकानाचा हिशोब आहे. लक्ष्मीपुरी, सगळ्यात आधी आजच बॅकअप घ्या.

ज्यांना उघडायचाच आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं: २३० व्होल्ट एसी सरळ केला की मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी उभा राहतो. ॲक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून करंट नीट लाटेप्रमाणं ओढणारं सर्किट) असेल तर ३८० च्या पुढं. प्लग काढल्यावर तो रेझिस्टरमधून उतरायला हवा, पण तोच रेझिस्टर तुटला असेल तर चार्ज तसाच राहतो. मीटर लावून खात्री केल्याशिवाय बोट घालू नये.

वायरमन_कसबाबावडा

व्हय, ते बरोबर. ग्राफिक्स कार्ड टाकायचं वाचलं नव्हतं. नुसत्या टायपिंगच्या मशीनला मात्र मी दुरुस्तच करून देतो आणि चालतंय.

शाहूपुरी_७५

विषयात थोडी भर. पुरात बुडालेला एसएमपीएस धुवून, वाळवून चालवायच्या फंदात पडू नका. २०१९ आणि २०२१ नंतर आमच्या भागात असले "सुकवलेले" माल स्वस्तात फिरत होते. पंचगंगेचं गढूळ पाणी ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यात आणि पीसीबीखाली गाळ सोडून जातं, वरून चकाचक दिसतं. सेकंडहँड घेताना स्क्रूच्या खाचेत आणि फॅनच्या पाठीमागं मातीची रेघ आहे का ते बघा.

गडहिंग्लजकर

माझ्याकडं असेंबल नाही, ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० टॉवर आहे. त्यालाही बाजारातला साधा ४५० चालेल का? दुकानदार म्हणतो "कन्व्हर्टर वायर मिळते".

रंकाळा_टॉवर

थांबा, तिथं गोष्ट वेगळी. कंपनीच्या डेस्कटॉपमध्ये कव्हर उघडून बोर्डवरचा मुख्य पॉवर कनेक्टर मोजा. २४ पिन असेल तर सोपं. ऑप्टिप्लेक्स ३९०, ७९० च्या टॉवरमध्ये २४ पिनच आहे. ३०२०, ७०२०, ९०२० मध्ये मुख्य कनेक्टर ८ पिनचा. एचपी एलिटडेस्क ८०० जी१ ला ६ पिनचा. लेनोव्होच्या काही थिंकसेंटरना १४ पिनचा. या बोर्डांना एसएमपीएसकडून जवळपास फक्त १२ व्होल्ट मिळतो, ५ आणि ३.३ बोर्ड स्वतः तयार करतो आणि हार्ड डिस्कची पॉवर वायरसुद्धा बोर्डवरूनच निघते.

कन्व्हर्टर वायर मिळते हे खरं. भानगड स्टँडबायची आहे. अशा बऱ्याच एसएमपीएसवर स्टँडबाय ५ व्होल्टच्या जागी ११-१२ व्होल्टचा असतो. जुन्या एसएमपीएसचं लेबल वाचा. तसं असेल तर वायरीच्या मध्ये ५ चे १२ करणारी छोटी पट्टी असलेलाच कन्व्हर्टर लागतो. नुसत्या वायरी जोडलेला घेतला तर मशीन बटणाला दाद देणार नाही.

माझं मत: कार्ड टाकायचं नसेल तर त्याच पार्ट नंबरचा ओरिजिनल घ्या. पार्ट नंबर लेबलवर असतो, डब्याचं माप जुळतं, झंझट नाही. छोट्या चपट्या कॅबिनेटला तर दुसरा पर्यायच नसतो.

अर्चना_हार्डवेअर

मापाचं निघालंच आहे म्हणून. नेहमीच्या एटीएक्स एसएमपीएसची रुंदी १५० आणि उंची ८६ मिलिमीटर, खोली साधारण १४० पासून पुढं. टीएफएक्स लांबट, ८५ बाय ६५ बाय १७५. एसएफएक्स १२५ बाय ६३.५ बाय १००. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर आणि त्याच्यासमोर डीव्हीडी रायटर असतो, त्या दोघांमधली जागा टेपनं मोजा. १६० खोलीचा मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) एसएमपीएस रायटरच्या पाठीला टेकतो आणि वायरी वळायला जागाच उरत नाही.

मॉड्युलरवरून आठवलं. जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नका, एकाच कंपनीच्या असल्या तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या सॉकेटमध्ये कुठल्या पिनवर १२ आणि कुठल्या पिनवर ५ हे कुठल्याच मानकात बांधलेलं नाही. प्लग बसतो आणि हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ जातात.

उद्यमनगरी

आमच्या वर्कशॉपमध्ये एका जुन्या मशीनच्या कंट्रोलवर इंडस्ट्रियल पीसी आहे, आयएसए (जुन्या काळच्या) स्लॉटची कार्डं. एसएमपीएस गेला. नवा एटीएक्स बसवला, बोर्ड चालू होतो पण एक कार्ड सापडत नाही. कुणाला काही कल्पना?

अर्चना_हार्डवेअर

जुन्या एसएमपीएसला पांढरी वायर होती का? ती -५ व्होल्टची. एटीएक्स१२व्ही १.३ पासून ती काढून टाकली, आजच्या कुठल्याही एसएमपीएसमध्ये २४ पिनमधली ती जागा रिकामी दिसेल. बहुतेक कार्डांना ती लागत नाही, पण ॲनालॉग भाग असलेल्या काही आयएसए कार्डांना लागते.

नवा एसएमपीएस बदलायची गरज नाही. निळ्या वायरवर -१२ आहे, त्यातून ७९०५ रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारी तीन पायांची चिप) लावून -५ काढता येतो. त्याच्या पिना ७८०५ सारख्या नाहीत: छापील बाजू आपल्याकडं धरली तर डावीकडून पहिली ग्राउंड, मधली इनपुट, तिसरी आउटपुट. इनपुटला २.२ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा टँटलम कपॅसिटर लावा, आणि पोलॅरिटी उलट असते हे विसरू नका, कपॅसिटरची धन बाजू ग्राउंडला. पाठीचा पत्रा आतून इनपुटला जोडलेला असतो, त्यामुळं तो थेट कॅबिनेटला आवळला तर -१२ शॉर्ट. मायका वॉशर आणि प्लास्टिकचं बुश घालूनच स्क्रू मारा. १०० मिलिअँपिअरला पाऊण वॅटही तापत नाही, मोठा हीटसिंक नको.

रंकाळा_टॉवर

आणि बोर्ड त्याहून जुना, एटीचा (एटीएक्सच्या आधीचा) असेल, म्हणजे ६-६ पिनांचे दोन वेगळे प्लग, तर नियम एकच: दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये एकमेकींना लागून. उलटं लावलं तर बोर्ड गेला.

जुन्या बोर्डांसाठी ५ व्होल्टचे अँपिअरही बघावे लागतात. पेंटियम ३, अथलॉन एक्सपीच्या काळात बहुतेक बोर्ड प्रोसेसरला ५ वरून वीज द्यायचे. आजच्या एसएमपीएसमध्ये ५ आणि ३.३ मिळून १००-१२० वॅटच असतात. सरासरीवाला स्वस्त एसएमपीएस अशा बोर्डला लावला तर बरोबर उलटा खेळ होतो: ५ खाली, १२ चढून १२.६ च्या पुढं. तिथं डीसी टू डीसीवालाच लावा.

वायरमन_कसबाबावडा

उद्यमनगरात आणि शिरोलीत एसएमपीएस जायचं खरं कारण लोखंडाची बारीक भुकटी. ग्राइंडिंगचा भुगा फॅनमधून आत ओढला जातो, तेलकट धुरानं चिकटतो आणि पावसाळ्यात दमट झाला की त्यातून करंट जायला लागतो. महिन्यातनं एकदा ब्लोअर मारा, पण प्लग काढून आणि फॅनचं पातं काडीनं अडवून. फॅन हवेनं गरागरा फिरला की बेअरिंगची वाट लागते. पीसी जमिनीवर ठेवू नका, दोन फूट उचला, निम्मी भुकटी तिथंच वाचते.

लक्ष्मीपुरी_बिलिंग

ठीक, ४५० ब्राँझ ठरवतो. आता यूपीएसचा प्रश्न. नवा एसएमपीएस लावला की रिस्टार्ट थांबेल का? एक जण म्हणाला ॲक्टिव्ह पीएफसीवाला आपल्या साध्या यूपीएसवर चालतच नाही.

अर्चना_हार्डवेअर

आधी यूपीएस तपासा. त्याला पीसीऐवजी १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा आणि भिंतीचा स्विच बंद करा. बल्ब क्षणभर लुकलुकून पाच मिनिटं चालला तर यूपीएस आणि बॅटरी ठीक. विझला किंवा लगेच मंद झाला तर आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी संपलीय, एसएमपीएस कितीही चांगला लावा, उपयोग नाही.

बल्ब चालतोय पण पीसी रिस्टार्ट होतोय, तर कारण एसएमपीएसच. यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरनं तग धरायचा असतो. मानकाप्रमाणं पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद. वाळलेल्या कपॅसिटरमध्ये ते उरत नाही.

ॲक्टिव्ह पीएफसीचं अर्धं खरं आहे. साध्या यूपीएसची बॅटरीवरची लाट साइन नसते, पायऱ्यांची असते. पीएफसी सर्किट त्यावर कधी कधी जोरात करंट ओढतं आणि यूपीएसला वाटतं ओव्हरलोड झाला. ही अडचण लोड यूपीएसच्या मर्यादेजवळ असला की होते. ६०० व्हीए म्हणजे बहुतेक यूपीएसवर ३६० वॅट. तुमचा पीसी आणि मॉनिटर मिळून १०० च्या आत, अडचण यायची शक्यता कमी. कार्ड टाकून कॅड चालवाल तेव्हा २२०-२५० होईल, तेव्हा परत बल्बसारखी चाचणी करा: काम चालू असताना भिंतीचा स्विच बंद करून बघा. आणि प्रिंटर यूपीएसवर नको, विशेषतः लेझर.

पीएफसीचा एक फायदा आपल्याकडं मोठा आहे. त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. कृषीपंपांच्या फीडरवर संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी तो चालत राहतो, साधा बंद पडतो.

वायरमन_कसबाबावडा

साध्यावर मागं लाल स्विच असतोय ११५/२३० चा. तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून आपल्या लाईनला लावला की आतले कंडेन्सर फटाक्यागत उडतात. नवा आणला की प्लग लावायच्या आधी तेवढं बघायचं.

आणि अर्थिंग! कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येत असतील तर एसएमपीएस खराब नाही, अर्थ नाही. आतल्या फिल्टरचे दोन छोटे कंडेन्सर फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीला जोडलेले असतात, अर्थ तुटला की बॉडीवर निम्मं व्होल्टेज, ११५ च्या आसपास दिसतं. टेस्टर पेटतो. जुन्या पेठेतल्या वाड्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतंय. मीटर एसीवर ठेवून फेज ते अर्थ मोजा, फेज ते न्यूट्रलइतकंच आलं पाहिजे.

रंकाळा_टॉवर

दुकानात काय बघायचं ते सांगतो. राजारामपुरीत फिरलात तर तीन-चार ठिकाणी विचारता येईल.

डब्याची मागची बाजू उलटून १२ व्होल्टचे अँपिअर वाचा. ४५० वर ३० च्या खाली असेल तर परत ठेवा. वायरवर १८ एडब्ल्यूजी छापलेलं असतं, लोकलमध्ये २० किंवा २२ सापडतं. एडब्ल्यूजीचा आकडा वाढला की वायर बारीक. साटा पॉवरचे किमान तीन प्लग हवेत: हार्ड डिस्क, एसएसडी, रायटर. कमी पडले आणि मोलेक्सचा साटा कन्व्हर्टर घ्यावा लागला तर ज्याच्या प्लगमध्ये वायरी प्लास्टिक ओतून बुजवलेल्या आहेत तो घेऊ नका. त्यात आतल्या वायरी सरकून शॉर्ट होतात आणि प्लग पेटतो. पाठीमागून टोपण निघतं आणि पिना वेगळ्या दिसतात तो चालेल.

नुसत्या एटी प्लसच्या स्टिकरवर जाऊ नका. तो विजेच्या बचतीचा शेरा आहे, शॉर्ट सर्किट किंवा ओव्हर व्होल्टेजपासून संरक्षणाचा नाही. ते ओसीपी (जास्त करंट), ओव्हीपी (जास्त व्होल्टेज), एससीपी (शॉर्ट सर्किट) असं वेगळं लिहिलेलं असतं. कॉर्सेअर, कूलर मास्टर, डीपकूल, अँटेक या चौघांचे ब्राँझ ४५० साधारण एकाच किमतीच्या आसपास फिरतात, जो हातात ताजा आणि सीलबंद मिळेल तो घ्या. लोकलच्या तिप्पट-चौपट पैसे जातील. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी त्यावरच चालते.

लक्ष्मीपुरी_बिलिंग

आणला, ब्राँझ, डीसी टू डीसी, ५ वर्षं वॉरंटी. बसवताना दोन शंका. बोर्डवर प्रोसेसरजवळ ४ पिनचं सॉकेट आहे, नव्याला ८ पिनची वायर आहे. आणि २४ पिनच्या प्लगमधला ४ पिनचा तुकडा सुटतोय, तो तिथं बसेल का?

अर्चना_हार्डवेअर

अजिबात बसवू नका! बरं झालं विचारलंत. २४ मधून सुटणाऱ्या तुकड्यात पिवळी, लाल, नारिंगी आणि काळी अशा चार वायरी असतात. तो २० पिनच्या जुन्या बोर्डसाठी सुटा केलेला असतो. तुमचा बोर्ड २४ चा, म्हणून तो तुकडा मोठ्या प्लगला जोडून एकत्रच दाबा.

प्रोसेसरच्या ४ पिनमध्ये फक्त दोन पिवळ्या आणि दोन काळ्या. ८ पिनची वायर मधून ४-४ अशी दुभंगते, त्यातलं जे अर्धं कडी आणि पिनांचे कोन जुळून सहज बसेल ते लावा, दुसरं तसंच लोंबू द्या. काही वायरींवर पॉवरचे रंगच नसतात, सगळ्या काळ्या. तेव्हा प्लगवर सीपीयू लिहिलेलं वाचा, पीसीआय-ई लिहिलेला ८ पिनचा नव्हे. त्यात १२ आणि ग्राउंडच्या जागा उलट आहेत. जोर लावावा लागत असेल तर चुकीचा प्लग हातात आहे.

स्क्रू चारही जुनेच चालतील. फॅनची जाळी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, प्रोसेसरकडं. वरच्या पत्र्याला तोंड करून बसवलात तर हवा मिळणार नाही.

लक्ष्मीपुरी_बिलिंग

बसला. जांभळी ५.०४, पिवळी १२.०८, लाल ५.०१, नारिंगी ३.३२. पहिल्या दाबालाच चालू. बल्बची चाचणीही केली, बल्ब नीट चालला. नंतर पीसी चालू ठेवून भिंतीचा स्विच चार वेळा बंद केला, एकदाही रिस्टार्ट नाही. फक्त दरवेळी चालू करताना तारीख २०१२ दाखवतोय, रात्री यूपीएस बंद करतो म्हणून का?

वायरमन_कसबाबावडा

बोर्डवरचा सेल गेला. सीआर२०३२, मीटरवर ३ व्होल्ट हवा, २.७ च्या खाली असेल तर बदला. धन बाजू वर. बदलल्यावर बायोसमध्ये तारीख टाका आणि साटा मोड (हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत) आधी होता तोच ठेवा, एएचसीआय असेल तर एएचसीआय. ते बदललं तर विंडोज चालू व्हायचं नाही आणि तुम्ही परत नव्या एसएमपीएसला शिव्या द्याल.

रंकाळा_टॉवर

तारीख चुकीची असताना बिलं केली असतील तर ती आधी तपासा. आणि कार्ड घेताना ७५ वॅटचं, वेगळी पॉवर वायर न लागणारं १६५० बघा. त्याच नावाची काही मॉडेलं ६ पिनची येतात, तुमच्या एसएमपीएसला ती वायर असली तरी जुन्या कॅबिनेटमध्ये लांब कार्ड हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडतं. स्लॉटपासून पिंजऱ्यापर्यंत किती मिलिमीटर आहेत ते मोजून टाका, मग मॉडेल सांगतो.